विजयाआधीची प्रतिष्ठा

२०१३ साली आलेला ‘४२’ हा चित्रपट जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूच्या जीवनावर आधारलेला आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धांतील दीर्घकाळची वर्णबंदी मोडली. चित्रपटात संघाचे प्रमुख ब्रँच रिकी त्याच्याकडे उलट प्रहार न करण्याचे धैर्य मागतात. तो शिवीगाळ निमूटपणे सोसतो, उत्तम खेळतो आणि अखेर विजयाच्या जल्लोषात स्वीकारला जातो.

कथा हृदयस्पर्शी आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. गोऱ्या खेळाडूला चांगले खेळणे पुरेसे होते; रॉबिन्सनला संतही व्हावे लागले. तो सामान्य खेळाडू ठरला असता, किंवा संतापला असता, तर त्याचा अपमान न्याय्य ठरला असता काय? दुसरा गाल पुढे करण्याची प्रभूची शिकवण ही मारणाऱ्याला दिलेली सवलत नव्हे.

परमेश्वराने प्रत्येक मानव आपल्या प्रतिरूपाचा घडविला. ती प्रतिष्ठा पराक्रमाचे पारितोषिक नाही. म्हणून पडद्यावरील विजयाला टाळ्या वाजविताना आपण स्वतःला विचारावे : जो जिंकत नाही आणि मुकाट्याने सोसतही नाही, त्यालाही आपण बंधू मानतो काय?