विमा माणसाचा, आरोग्य बेटाचं

मुंबईहून निघालेलं विमान सहा-साडेसहा तासांत मॉरिशसला उतरतं. भारतातून आलेल्या प्रवाशाची चौकशी तिथे इमिग्रेशनच्या खिडकीपाशी संपत नाही. तो कुठे राहणार, पत्ता काय, आधीचे काही दिवस कुठल्या देशात होता, ताप येऊन गेला का, हे आरोग्य खात्याला हवं असतं. मलेरियाच्या देशांतून येणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची ही पद्धत गेली कित्येक दशकं चालत आली आहे. खात्याचा माणूस नंतर घरी किंवा हॉटेलात येतो, बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. विम्याचा विषय या भेटीत निघत नाही, कारण ही तपासणी त्या प्रवाशासाठी कमी आणि बेटासाठी जास्त असते.

तिथे राहायला निघालेला माणूस मात्र दुसऱ्याच हिशेबात बुडालेला असतो. एबेनच्या सायबरसिटीत नोकरी लागलेला पुण्याचा इंजिनिअर असो, एखाद्या रिसॉर्टच्या किचनमध्ये रुजू होणारा शेफ असो, की समुद्राकाठी निवृत्तीनंतरची वर्षं काढायला निघालेलं जोडपं असो, सगळ्यांच्या फाइलीत वैद्यकीय कागद असतातच. कामाच्या परवान्यासाठी छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या लागतात. पन्नाशीच्या पुढच्यांना निवृत्तांचा वेगळा परवाना मिळतो. २०२० च्या अखेरीस मॉरिशसने ‘प्रीमियम व्हिसा’ सुरू केला. परदेशातल्या पगारावर बेटावर बसून काम करणाऱ्यांसाठीच्या या व्हिसाला आरोग्यविमा सक्तीचा आहे. थोडक्यात, सरकारचं म्हणणं असं की आजार घेऊन येऊ नका आणि आजारी पडलात तर खर्चाची सोय आधीच करून या. सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या छोट्या देशाने असं म्हणणं गैर नाही. पण एवढ्यावर विषय संपला, असं येणाऱ्यानेही मानलं आणि बोलावणाऱ्यानेही मानलं, तर दोघांचंही नुकसान आहे.

आधी विम्याचंच पाहू. भारतातला नेहमीचा मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतातल्याच उपचारांपुरता असतो. प्रवास विमा अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी आणि ठरावीक दिवसांसाठी असतो. जुना मधुमेह, गुडघ्याची शस्त्रक्रिया, नेहमीची औषधं त्यात बसत नाहीत. बाहेर स्थायिक होणाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्यविमा हा तिसरा प्रकार आहे. त्याचा हप्ता वयाबरोबर चढतो, अमेरिका वगळली की बराच उतरतो आणि आधीचे आजार लपवले तर ऐन वेळी क्लेम नाकारला जातो. इथे बरेच जण घाई करतात. परदेशी पॉलिसी हातात पडली की भारतातली बंद करून टाकतात. तसं करू नये. भारतीय विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली, आणि सलग पाच वर्षं चाललेल्या पॉलिसीचा क्लेम फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने नाकारता येत नाही, असंही ठरवलं. ही सगळी कमाई पॉलिसी तुटली की जाते. पासष्टाव्या वर्षी बेटावरून परत येऊन पुन्हा पहिल्या महिन्यापासून मोजायला लागणं परवडणारं नसतं.

पॉलिसी हातात असली, तरी खासगी रुग्णालयाच्या दारात काय घडतं? मोका गावातलं वेलकिन आणि फ्लोरेयालचं डार्ने ही तिथली दोन ठळक नावं. पण खासगी रुग्णालय कुठलंही असो, दाखल करून घेताना काउंटरवर आधी अनामत रकमेचा विषय निघतो. विमा कंपनीकडून हमीपत्र आलं की अनामत टळते. कंपनीचं क्लेमचं कार्यालय बहुधा दुसऱ्याच देशात असतं. मग फोन, ईमेल, डॉक्टरांचा अंदाजपत्रकाचा कागद, ‘हा आजार पॉलिसी घेण्याआधीचा आहे का’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर, अशी साखळी सुरू होते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ती लवकर पुरी होते. शनिवारी रात्री रेंगाळते. तोवर क्रेडिट कार्ड पुढे करावं लागतं. म्हणून पॉलिसी निवडताना कव्हर किती कोटींचं, यापेक्षा ‘या बेटावरच्या कोणत्या रुग्णालयाशी तुमचा थेट बिलाचा करार आहे’ हा प्रश्न आधी विचारावा.

बेटाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं कलम मात्र वेगळंच आहे: रुग्णाला विमानाने दुसरीकडे हलवण्याचं. बेटावर जे उपचार होत नाहीत त्यांच्यासाठी सव्वादोनशे किलोमीटरवरचं फ्रान्सचं रियुनियन, चार तासांवरचं जोहान्सबर्ग किंवा भारत हे पर्याय असतात. कुठे न्यायचं, हे सहसा कंपनीचा डॉक्टर ठरवतो. ‘जवळच्या योग्य रुग्णालयात’ नेण्याची हमी ही मायदेशी परत नेण्याची हमी नसते. मुलगा पुण्यात आणि आई रियुनियनच्या फ्रेंच वॉर्डात, हे तिथल्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत सहज होऊ शकतं. दोन्ही हव्या असतील तर दोन्ही लिहून घ्याव्या लागतात.

आणि विमानच उडालं नाही तर? १५ जानेवारी २०२४ ला बेलाल चक्रीवादळाने पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून नेल्या, विमानतळ बंद पडला. वादळाच्या इशाऱ्याचे तिथे चार टप्पे आहेत आणि तिसरा लागला की लोकांनी घरातच थांबायचं असतं. अशा दिवशी जगातली कुठलीही पॉलिसी रुग्णाला बेटाबाहेर काढू शकत नाही. मॉरिशसच्याच ताब्यातल्या रॉड्रिग्जच्या लोकांना हे आयुष्यभर ठाऊक असतं. पाचशे साठ किलोमीटर पूर्वेला असलेल्या त्या छोट्या बेटावर सरकारी रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीच्या रुग्णाला मोठ्या बेटावरच आणावं लागतं. अकराशे किलोमीटर उत्तरेच्या आगालेगाची स्थिती त्याहून बिकट होती. जेमतेम तीनशे वस्तीच्या त्या बेटावर भारताने बांधलेली नवी धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे त्याची चर्चा नौदलाच्या अंगाने झाली. पोटात असह्य दुखणाऱ्या आगालेगावासीयासाठी धावपट्टीचा अर्थ वेगळा आहे.

समजा, उत्तरेच्या ग्राँ बे इथे राहणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली. ११४ हा सरकारी ‘सामू’ रुग्णवाहिकेचा क्रमांक. मोका गावातलं खासगी रुग्णालय पोर्ट लुईसच्या पलीकडे, अर्ध्या-पाऊण तासावर. पाम्प्लेमूसचं सर शिवसागर रामगुलाम रुग्णालय मात्र त्या वाटेवर, खूपच अलीकडे. त्याच आवारात सरकारी कार्डियाक सेंटर आहे, जिथे हृदयशस्त्रक्रिया होतात. हृदयविकारात पहिला तास मोलाचा. लाखांचा हप्ता भरणाऱ्या या माणसाला त्या तासात वाचवण्याची शक्यता सर्वांत जास्त ज्या जागी आहे, ती जागा मॉरिशसच्या करदात्यांनी उभारलेली आहे. तिथे नागरिकांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. वेगळा सरकारी आरोग्यविमाही नाही; सगळा कारभार सर्वसाधारण करांतून चालतो.

खासगी बाजू आपल्या पायावर स्वतंत्र उभी आहे, हा समजही २०१५ मध्ये मोडला. मोका गावातलं वेलकिन रुग्णालय तेव्हा अपोलो ब्रॅमवेल होतं आणि त्याच्यामागे बीएआय हा समूह होता. बँक आणि विमा कंपनीही त्याच समूहाची. एप्रिल २०१५ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला, समूह कोसळला, हजारो पॉलिसीधारकांची बचत अडकली आणि रुग्णालय सरकारला हातात घ्यावं लागलं. पुढे ते दुसऱ्या समूहाकडे गेलं आणि वेलकिन झालं. वॉर्ड चालू राहिले ते सरकार मध्ये पडलं म्हणून.

हे बेट सार्वजनिक आरोग्याची किंमत फार महागात शिकलं आहे आणि त्या इतिहासात आपली माणसंही आहेत. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर तिथे गेले. कोकणातले मराठी लोक मुंबई बंदरातून चढले. पोर्ट लुईसच्या ज्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या ते चढले, तिथे रुग्णालयाची इमारतही होती. साथीच्या संशयावरून कित्येकांना किनाऱ्याबाहेरच्या बेटांवर थांबवलं जाई. १८५६ मध्ये गॅब्रिएल बेटावर असे थांबवलेले शेकडो लोक कॉलऱ्याने आणि हालांनी मेले. दहा वर्षांनी मलेरिया आला. १८६७ या एका वर्षात बेटावर तीस हजारांवर माणसं दगावली, म्हणजे साधारण दहातलं एक. ज्यांना जमलं ते पोर्ट लुईस सोडून क्यूरपीपच्या थंड पठारावर गेले. श्रीमंतांचा तेव्हाचा विमा हाच होता, उंचीचा. मजूर उसाच्या मळ्यात, डासांत राहिले.

सिकंदराबादेत १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारा रोनाल्ड रॉस १९०७ च्या अखेरीस याच बेटावर आला आणि त्याने मलेरिया कसा रोखावा याचा अहवाल लिहिला. पुढे डीडीटी आलं आणि १९७३ मध्ये मॉरिशस मलेरियामुक्त जाहीर झालं. दोनच वर्षांत, फेब्रुवारी १९७५ च्या जर्व्हेज चक्रीवादळानंतर, मलेरिया परतला. पुन्हा हटवायला १९९८ उजाडलं. म्हणून आजही प्रवाशांच्या पत्त्यांची नोंद चालते आणि आरोग्य खात्याचा माणूस काचपट्ट्या घेऊन फिरतो. एका प्रवाशाच्या रक्तातला परजीवी बेटावरच्या डासाला मिळाला तर काय होतं, हे तिथल्या खात्याने पाहिलेलं आहे.

मधुमेहाची गोष्ट याहून शिकण्यासारखी. मॉरिशसमध्ये पाचातल्या एका प्रौढाला तो आहे. भारतीय, क्रिओल, चिनी वंशाचे सगळेच त्यात आले. १९८७ च्या आरोग्य पाहणीत हे चित्र दिसलं तेव्हा सरकारने जीवनशैलीची मोहीम काढली आणि तिच्या जोडीने एक साधी, ठोस गोष्ट केली. रेशनच्या स्वयंपाकाच्या तेलात मुख्यतः पाम तेल असे. त्याच्या जागी सोयाबीनचं तेल आणलं. १९९२ मध्ये पुन्हा रक्त तपासलं तेव्हा सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे २१३ मिलिग्रॅमवरून १८२ वर उतरलं होतं. घराघरांतल्या कढईतलं तेल बदलून हे साधलं. असं काम कुठलीही विमा कंपनी करू शकत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही.

डासांचं तेच. २००५-०६ मध्ये शेजारच्या रियुनियनवर चिकुनगुन्याचे दोन लाख सहासष्ट हजार रुग्ण झाले, तिथल्या लोकसंख्येच्या एक तृतीयांश. २०२५ मध्ये साथ पुन्हा उसळली आणि मॉरिशसलाही पोहोचली. ज्या फ्रेंच नागरिकांच्या मागे युरोपातली भक्कम सामाजिक सुरक्षा आहे, त्यांचेही सांधे महिनोन्‌महिने धरले. औषधाचं बिल भरलं गेलं, ताप चुकला नाही.

मग नवागताने बेटाच्या या व्यवस्थेला काय द्यावं? प्रीमियम व्हिसावाल्याने परदेशी कार्डावर केलेला खर्च बेटावर आणलेलं उत्पन्न मानला जात नाही, त्यामुळे त्याच्यावर तिथे आयकरही लागत नाही. तो भाडं देतो, बाजारात खर्च करतो, पण डासांची फवारणी आणि कार्डियाक सेंटर यांच्या खर्चात त्याचा थेट वाटा फारसा नसतो. ब्रिटनने २०१५ पासून व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार सुरू केला. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड पडतो आणि त्या बदल्यात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची दारं उघडतात. लंडनला गेलेल्या मुलांचे पालक या रकमेवर चिडतात, हे खरं. पण त्यात एक सरळपणा आहे: पैसे द्या आणि आमच्यातले व्हा. मॉरिशसने ब्रिटनएवढी रक्कम लावू नये, कारण त्यामुळे शिक्षक, परिचारिका असे मधल्या पगाराचे लोक येणार नाहीत. उत्पन्नानुसार चढता, लहान अधिभार मात्र लावावा आणि तो आरोग्य खात्यासाठीच राखून ठेवावा. खासगी विम्याची सक्ती ठेवून सरकारी रुग्णालयापासून परकीयाला लांब ठेवण्यापेक्षा हे न्याय्य आहे आणि रात्री दोनच्या प्रसंगात प्रामाणिकही.

भारताचा हात या व्यवस्थेत आहेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारताच्या मदतीने बांधलेलं कान-नाक-घशाचं रुग्णालय सुरू झालं. जुलै २०२४ मध्ये परदेशातलं पहिलं जनऔषधी केंद्र मॉरिशसमध्ये उघडलं. बेटावर न होणाऱ्या उपचारांसाठी मॉरिशस सरकार स्वतःच्या खर्चाने रुग्णांना भारतात पाठवतं, ते वेगळंच.

या सगळ्या चर्चेतून एक वर्ग नेहमी गळतो. परदेशी रहिवासी म्हटलं की सगळ्यांना समुद्राकाठचा व्हिला दिसतो. प्रत्यक्षात कापड गिरण्यांत आणि बांधकामांवर भारत, बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर इथले कामगार आहेत. त्यांचा विमा मालकाच्या हातात, मुक्काम सामायिक खोल्यांत, आणि ताप आला तर एक दिवसाची मजुरी जाते. भारताने कमी शिकलेल्या स्थलांतरित कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना काढली आहे: दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि अपघाताला दहा लाखांचं संरक्षण. ती सक्तीची आहे ती ज्या अठरा देशांत जायला भारताचं एमिग्रेशन क्लिअरन्स लागतं, तिथे जाणाऱ्या कामगारांसाठी. आखाती देश त्यात आहेत, मलेशिया आहे, मॉरिशस नाही. एकोणिसावं नाव घालणं पूर्णपणे दिल्लीच्या हातात आहे आणि त्यासाठी पोर्ट लुईसची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.