फाशी नेमकी कोणाला?

उरण तालुक्यात जुलै 2024 मध्ये एका तरुणीचा खून झाला आणि आरोपीला फाशी द्या, ही मागणी रस्त्यावर आली. त्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. ज्याने जाणूनबुजून जीव घेतला, त्याने स्वतःच्या जिवावरचा हक्क गमावला, हे म्हणणे मला रानटी वाटत नाही. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातले चौघे 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फासावर गेले, त्यांच्यासाठी हळहळ वाटत नाही. पण कायदा काही त्या चौघांतल्या एकट्या जक्कलसाठी लिहिलेला नसतो.

जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. बलात्कार झाले, पाच माणसे मारली गेली. पकडलेले सहाही जण भटक्या जमातींतले, मजुरी करणारे. सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे उघड झाले!

मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या रात्रीतून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांना अटकच झाली नव्हती. म्हणजे तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था, ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यातच फाशी ही 1980 पासूनची कसोटी, सगळे असूनही निरपराध माणसे दोराजवळ पोहोचली. नामवंत वकील लावू शकणारा माणूस तिथवर सहसा पोहोचत नाही.

जन्मठेपेतही निरपराध माणूस सडतोच, हा आक्षेप खरा आहे. या सहा जणांची सोळा वर्षे कोणी परत देणार नाही. तरी 2019 चा निकाल ऐकायला ते जिवंत होते. मला त्याहून जास्त बोचते ते मृतांच्या कुटुंबाचे. फाशीच्या निकालाने त्यांना न्याय मिळाल्याचे समाधान आपणच करून घेतले, आणि बाईने ओळखलेल्या त्या चौघांचा तपास का झाला नाही, हे विचारण्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही.