मोडलेला जबडा आणि अहिंसेचा प्रश्न

घोड्याचा पाय मोडला की बंदुकीचा विचार होतो. जबडा मोडला तर तारेचा. खालच्या जबड्याचे पुढचे हाड दुसऱ्या घोड्याच्या लाथेने मोडते, किंवा तबेल्याच्या कडीत दात अडकून घोड्याने हिसका दिला की मोडते. त्यावर अंगाचा भार नसतो आणि रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तोंडात जंतू असूनही ते बहुधा सहा ते आठ आठवड्यांत सांधते. दुखणाऱ्या जनावराला जगवावे की सोडवावे, हा वाद तत्त्वांचा मानला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा हाड सांधणार की नाही, एवढ्यावरच निकालात निघतो.

भारतात हा वाद 1928 साली चांगलाच पेटला. साबरमती आश्रमातले एक जायबंदी वासरू वेदनांनी तळमळत होते आणि ते बरे होण्याची आशा उरली नव्हती. गांधीजींनी त्याला इंजेक्शनने मरण देवविले आणि ‘नवजीवन’मधून त्या कृतीला अहिंसा म्हटले. त्यावर संतापाची पत्रे आली. पांजरपोळामागची, म्हणजे जायबंदी-म्हाताऱ्या जनावरांच्या आश्रयस्थानामागची, जुनी धारणा अशी की, प्राणी आपले कर्म भोगून संपवतो. माणसाने सेवा करावी, आयुष्याची दोरी कापू नये. गांधीजींच्या युक्तिवादालाही एक अट होती : सेवेचा कोणताच मार्ग शिल्लक नसावा. जबडा मोडलेला घोडा या अटीत बसत नाही. त्याच्यापुरते दोन्ही पक्षांचे उत्तर एकच, शुश्रूषा. अवघड प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

कारण ही शुश्रूषा म्हणजे आधी छळच. गुंगीचे औषध देऊन, पुष्कळदा घोडा उभा असतानाच, दातांभोवती तार आवळतात. धनुर्वाताची लस टोचतात, कारण हा रोग घोड्याला चटकन जडतो. हे सगळे आपल्या बऱ्यासाठी आहे, हे त्याला समजावता येत नाही. संमती विचारण्याची तर सोयच नाही. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रतात घडणारे दोष, सांगितले आहेत : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, फार ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. उपचारात बांधणे तर उघडच आहे आणि टोचाटोचीही. मग ही हिंसा का नाही? याचे उत्तरही त्याच ग्रंथात आहे. हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे विकारवश बेसावधपणात मानले आहे. ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही. पहिल्या दिवशीचा चांगला हेतू तिला पुरत नाही. सावधपणा रोज सिद्ध करावा लागतो.

तो सिद्ध होतो गव्हाणीपाशी. घोडा भुकेने गवतात तोंड घालतो, चघळतो आणि अर्धवट चावलेला ओला बोळा खाली पडतो. ओठातून लाळेची तार लोंबत राहते. दुरून पाहणाऱ्याला वाटते, चंदी दिली. खरे तर पाचवा अतिचार घडून गेलेला असतो. म्हणून तोबऱ्याऐवजी पसरट घमेले घेतात. गोळीपेंड भिजवून लापशीसारखी होईपर्यंत थांबतात आणि थोडी थोडी, दिवसातून अनेकदा देतात. प्रत्येक खाण्यानंतर तारांमागे अडकलेला चोथा पाण्याने धुऊन काढतात. बादलीतले पाणी किती उतरले ते पाहतात, शेणावर नजर ठेवतात, कारण आतडी थंडावली की पोटशूळ उठतो. तोंडाला घाण वास आला तर डॉक्टरला बोलावतात. अहिंसेची एवढी बारीक उजळणी प्रवचनात क्वचितच होते.

महाभारतात जखमी घोड्यांच्या शुश्रूषेचे काम खुद्द कृष्णाने केले आहे. जयद्रथवधाच्या दिवशी, द्रोणपर्वात, तो भर रणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपटतो, त्यांना पाणी पाजतो. कीर्तनकार इथे रंगून जातात, आणि ते योग्यच आहे. पण ताजेतवाने झालेले ते घोडे पुन्हा रथालाच जुंपले जातात, हेही त्याच कथेत आहे. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने म्हाताऱ्या घोड्याविषयी कृतज्ञता हे कर्तव्य मानले. मात्र ते घोड्याप्रती नसून माणसाचे स्वतःप्रतीच आहे, असे त्याचे म्हणणे. ते तोकडे आहे. लाळ माणसाची गळत नसते.

मग ‘बरा झाला’ हे कुणाच्या मापाने ठरवायचे? लगामाचे कडियाळे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे याच जबड्यावर टेकते. माथेरानसारख्या ठिकाणी घोडा घर चालवतो. दोन महिने उभा राहिलेला घोडा खातो, कमवत नाही. दयेचा उपदेश मालकाच्या मनाशी बोलतो, त्याच्या खिशाशी नाही, ही या उपदेशाची जुनी उणीव आहे. तरीही निकाल घोड्याच्या बाजूनेच द्यावा लागतो. कडियाळ्याशिवायचे लगाम मिळतात. कडियाळेच हवे असेल तर आधी हाड सांधल्याचे एक्स-रेत दिसले पाहिजे, आणि सुके गवत खाताना बोळे पडत नाहीत ना, हे गव्हाणीखाली वाकून पाहिले पाहिजे.