कागदावरचा अंश आणि त्याला पाहणारा

अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात मांडलेली ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ ही मानसोपचारपद्धती मनाला अनेक अंशांचे कुटुंब मानते: काही अंश दुखावलेले आणि तळाशी दडवलेले, काही ते दुःख वर येऊ नये म्हणून रोजचा व्यवहार काटेकोर आवरून धरणारे, काही ते उसळताच व्यसनाने वा संतापाने विझवू पाहणारे, आणि या सर्वांपलीकडे कोणत्याही आघाताने न मोडणारा, शांत व करुणामय ‘स्व’. या पद्धतीला चित्रोपचाराची, म्हणजे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ असे नाव दिलेल्या उपचाराची, जोड मिळाली की अंशाला पाहणारा नेमका कोण, हा जुना प्रश्न उपचारकक्षात येऊन उभा राहतो.

समजा, सतत दूषणे देणारा आतला आवाज रुग्णाने काळ्या खडूने कागदावर उतरवला. उपचारक त्या चित्राचा अर्थ सांगत नाही. त्याकडे पाहून काय वाटते, एवढेच विचारतो. ‘फाडून टाकावेसे वाटते’ असे उत्तर आले, तर ते दुसऱ्याच अंशाचे बोलणे समजून त्यालाही वेगळा कागद दिला जातो, आणि पाहणाऱ्याच्या मनात द्वेषाच्या जागी कुतूहल उमटेपर्यंत हा क्रम चालू राहतो.

द्रष्टा दृश्याहून वेगळा, हा सांख्यांचा विवेक येथे हातभर अंतरावर प्रत्यक्ष दिसतो खरा; परंतु सांख्यांचा पुरुष अकर्ता आणि उदासीन आहे, तर श्वार्ट्झ यांचा ‘स्व’ त्या काळ्या आकृतीशी बोलतो, तिची भीती ऐकून घेतो आणि तिच्या खांद्यावरचे ओझे उतरवायला तिला मदत करतो. बौद्धांचा अनात्मवाद याहून अवघड आक्षेप घेतो: कुतूहल हीदेखील एक उत्पन्न होऊन लय पावणारी चित्तावस्थाच असेल, तर कागदांच्या या मालिकेअखेरीस कोणी स्वामी सापडलाच पाहिजे असे का मानावे? हा आक्षेप रास्तच म्हटला पाहिजे, कारण वैर ओसरल्यावर कुतूहल येते एवढेच अनुभवाला येते, अविनाशी ‘स्व’ हे त्यावरचे अनुमान आहे. लहानपणी छळ सोसलेल्या माणसाला आपल्यात काही अभंग उरले आहे हा विश्वास मोठा आधार देतो, आणि तो हिरावून घेण्याचे कारण नाही. मात्र उपचारकाने तो सिद्धान्त म्हणून रुग्णावर लादू नये, आणि ज्याला बाहेरून आवाज ऐकू येतात त्याच्याकडून अंशांना चेहरे काढून घेण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.