देवळाचे कुलूप आणि गावची पोरे

॥ रामकृष्णहरि ॥

कीर्तनाच्या आरंभी आपण जो जयघोष करतो, त्यात देवाच्या नावाआधी एका भक्ताचे नाव येते. 'पुंडलीक वरदा' म्हणजे पुंडलिकाला वर देणारा. विठ्ठलाची ओळखच आपण पुंडलिकाच्या नावाने करून देतो. भीमेच्या वाळवंटात उतरलेला वारकरी आधी पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि मग महाद्वाराकडे वळतो. एवढा त्याचा अधिकार. पण सज्जनहो, हा पुंडलीक तरुणपणी कसा होता, याचा विचार आपण कधी करतो का?

कथा सर्वांच्या ऐकण्यातली आहे. आईबापांना न जुमानणारा, त्यांना दु:ख देणारा, आपल्याच तोऱ्यात वागणारा असा तो मुलगा. काशीच्या वाटेवर कुक्कुटऋषींचा आश्रम लागला. याने विचारले, "काशी किती लांब?" ऋषी म्हणाले, "बाबा, मी कधी गेलो नाही, मला ठाऊक नाही." हा हसला. "एवढं वय झालं आणि काशी माहीत नाही? मग ऋषी कसले तुम्ही?" अशी त्याने ऋषींची टवाळी केली. ऋषी काही बोलले नाहीत. रात्री तो त्याच आश्रमात निजला. पहाटे जागा होऊन पाहतो तो मळलेल्या वेषातल्या काही स्त्रिया आल्या, त्यांनी अंगण झाडले, सडा घातला, पाणी भरले, आणि जाताना त्या लख्ख उजळून निघाल्या. त्या गंगा-यमुना होत्या. जगाची पापे धुऊन त्यांना आलेला मळ मातृपितृभक्त कुक्कुटाच्या दारी झाडलोट केली की जात असे. पुंडलिकाचे डोळे तिथे उघडले. तो मागे फिरला, आईबापांच्या पायाशी बसला, आणि पुढे त्याच्यासाठी परब्रह्म विटेवर उभे राहिले.

कीर्तनकार येथे मातृपितृभक्तीचे निरूपण करतात, ते योग्यच आहे. आज मात्र त्या कथेतली एक बारीक गोष्ट पाहू. ज्या पोराने संध्याकाळी ऋषींची टवाळी केली, तोच पोरगा रात्री त्यांच्या आश्रमात निजला होता. कुक्कुटऋषींनी रागावून "चालता हो" म्हटले असते, आश्रमाला कडी घातली असती, तर पहाटेचे ते झाडणे त्याने कुठून पाहिले असते? मग कुठला पुंडलीक, कुठली वीट, आणि कुठली आपली वारी!

आता आपल्या गावाकडे या. पालखीच्या वाटेवरचे कुठलेही लहान गाव घ्या. आपली गावे काही दरोडेखोरांची गावे नाहीत. पण अलीकडे पारावर बसले की तेच तेच ऐकू येते. यष्टीच्या थांब्याचे बाक मोडले. शाळेच्या काचा फोडल्या. सौरदिव्याची बॅटरी रात्रीत गेली. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. देवळाच्या दानपेटीचे कुलूप तोडले. वारकऱ्यांसाठी बांधलेल्या संडासांची दारे आणि तोट्या पालखी गेल्यावर महिन्याभरात नाहीशा झाल्या. म्हातारी माणसे म्हणतात, "पोरं बिघडली." आणि ग्रामसभेत ठराव होतो, देवळाला जाळीचे दार बसवा, धर्मशाळेला मोठे कुलूप घाला, चौकात कॅमेरा लावा.

कुलूप घालू नये असे मी म्हणत नाही. गोरगरिबाच्या विहिरीवरची केबल गेली की त्याचे उभे पीक वाळते. तो काही खेळ नव्हे. चोरी ती चोरीच. परंतु कुलूप वस्तू राखते, पोरगा राखत नाही. कॅमेरा कोण आला ते दाखवतो. का आला ते सांगत नाही. ते विचारायला माणूसच जावा लागतो.

माउलींच्या सोहळ्याबरोबर चालणाऱ्यांना समाजआरती सांगायला नको. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि त्या अफाट समुदायात एका क्षणात शांतता होते. मग हरवले-सापडलेले पुकारतात. कोणाची पिशवी सापडली, कोणाचे पैसे सापडले, सगळे सांगतात. ज्याचे त्याला मिळते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी आपला टाळ थांबवत नाही. सगळे गप्प, आणि एकट्या त्या दिंडीचा टाळ चालूच. तेव्हा काय करतात? त्यांना हुसकून लावतात का? चोपदार त्यांच्याकडे चालत जातात, गाऱ्हाणे ऐकतात. निवाडा होतो, टाळ थांबतो, आणि मग आरती होते.

मला वाटते, गावातली फुटणारी काच हा असाच एका दिंडीचा चालू राहिलेला टाळ आहे. तो बेसूर आहे, त्याने नुकसान होते, हे खरे. पण आपण तळावरचा शहाणपणा गावात विसरलो. आपला चोपदार त्या पोरांकडे गेलाच नाही.

गेला असता तर काय ऐकले असते? दहावी-बारावी झालेला मुलगा. शेती दोन एकर, तीही पावसावरची. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी पळतो. भरतीत सोळाशे मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. गावाला मैदान नाही म्हणून अंधारात डांबरी सडकेवर पळतो, आणि उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जातात. वाचायला जागा नाही. तालीम होती, तिचे छप्पर उडाले, आता तिथे कडबा भरला आहे. संध्याकाळी बसायचे कुठे? पारावर मोठी माणसे, देवळात बसले तर पुजारी उठवतो, शाळेला फाटक. राहिली पानाची टपरी. तिथे गुटखा मिळतो, पत्ते मिळतात, हातातल्या मोबाइलवर पैसे लावायचा जुगारही मिळतो. पोरींचे तर विचारूच नका. त्यांच्या वाट्याला पारही नाही आणि टपरीही नाही.

आणि गावात धर्मशाळा असते! लोकवर्गणीतून बांधलेली, फरशी घातलेली, वीज असलेली. पालखी येते तेव्हा दोन दिवस उघडते, सप्ताहात आठ दिवस उघडते. उरलेले वर्षभर कुलूप. तिच्या ओट्यावरून पोरांना हाकलतात, आणि तिच्याच काचा फुटल्या की आपण म्हणतो, देवाच्या वास्तूचाही मान राहिला नाही!

अहो, त्या पोराला त्या वास्तूशी देणेघेणे कोणते ठेवले आपण? ज्या घराचे दार आपल्यासाठी कधी उघडले नाही, त्याची काच आपली वाटावी कशी?

माउलींनी इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण करून विश्वात्मक देवाकडे प्रसाद मागितला, त्यात दुष्टांचा नायनाट मागितलेला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा, आणि त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागावी, असे जोडून मागितले. ही दोन मागणी वेगळी करता येत नाहीत. आपण पहिल्यासाठी फौजदाराला बोलावतो आणि दुसऱ्यासाठी काहीच करत नाही. वाकडेपणा काढला आणि गोडी लावली नाही, तर ती जागा रिकामी राहते. रिकाम्या जागेत पुन्हा तेच येऊन बसते.

पैठणला नाथांच्या घरी चोर शिरल्याची कथा आहे. चोरांनी भांडीकुंडी गोळा केली, आणि निघताना त्यांची दृष्टीच गेली. चाचपडत ते देवघराशी आले. नाथांनी त्यांना दृष्टी दिली, जेवू घातले. चोराला डोळे देणे हा संताचा न्याय. आपण भिंतीला डोळे बसवतो आणि चोराला आंधळाच ठेवतो.

आता कोणी म्हणेल, "महाराज, हे संतांचं झालं. आम्ही प्रापंचिक. उद्या चोराला जेवू घातलं तर परवा तो घर धुऊन नेईल." बरोबर आहे. म्हणून राजाचा कायदा काय म्हणतो तेही पाहू. अठरा वर्षांखालील मुलासाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्याप्रमाणे मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचा विचार बालन्याय मंडळ करते, आणि तिथे दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात, त्यांत एक स्त्री असावी लागते. हे मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समाजसेवेचे कामही सांगू शकते. मोठ्यांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे नुकसान भरून दे, आणि सेवा कर. वारकऱ्याला हा न्याय परका वाटू नये. आणि त्याच बालन्याय कायद्यात, मुलाच्या हाती दारू-तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पोरे बिघडली म्हणताना ती टपरी कोणाच्या जागेत आहे आणि निवडणुकीच्या रात्री पोरांना दारू कोणी पाजली, हेही ग्रामसभेत विचारावे.

येथे एक सावधगिरी सांगतो. खोडी आणि गुन्हा यांत भेद आहे. टोळी करून केबल कापणारे आणि तो माल घेणारे यांचे प्रकरण पोलिसांकडेच गेले पाहिजे. मुलीबाळींची छेड, मारहाण, अत्याचार, अशा गोष्टी "गावातच मिटवू" म्हणून दाबणे हे पाप आहे. तसेच सापडलेल्या पोराला खांबाला बांधून मारणे, त्याची धिंड काढणे, हाही गुन्हाच. ज्याची गावाने धिंड काढली, तो गावाचा राहत नाही.

मग करावे काय? फार पैसा लागत नाही. रोज संध्याकाळी दोन-तीन तास धर्मशाळा उघडावी. सतरंजी घालावी, दिवा लावावा, वर्तमानपत्र, भरतीची पुस्तके आणि संतचरित्रे ठेवावीत. मुलींसाठी वेळ किंवा दालन ठरवावे, आणि तिथे गावातल्या दोन जाणत्या बायांनी बसावे. रोज पाळीने दोन वारकऱ्यांनी हजर राहावे; उपदेश करायला नव्हे, नुसते बसायला. तालमीतला कडबा काढून माती टाकावी. आपल्या संप्रदायाला तालमीचे वावडे नाही. १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणारे विष्णुबुवा जोग महाराज मल्लविद्येचे शौकीन होते. पळायला मैदान हवे तर १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पोरांनी स्वत: उभे राहून ते मागावे, आणि माळकऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

आणि किल्ली पोरांच्या हाती द्यावी. येथे पुष्कळांचे हात आखडतात. "ज्यानं कुलूप तोडलं त्यालाच किल्ली द्यायची?" होय, पण आधी तोडलेले कुलूप त्याने आपल्या कष्टाने भरून द्यावे. फोडलेली काच त्यानेच बसवावी, मोडलेला बाक सुताराशेजारी बसून त्यानेच जोडावा. मग किल्ली. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत; अहोरात्र कोणीतरी उभे असते. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाला नको असतो, म्हातारी माणसे डुलक्या घेतात. जी पोरे नाहीतरी रात्रभर गावात फिरतात त्यांच्या गळ्यात त्या वेळी वीणा घाला. आयुष्यात पहिल्यांदाच गावाने काहीतरी मोलाचे त्यांच्यावर सोपवलेले असेल.

दुसरी शंका अशी की पोरे तिथे पत्ते खेळतील, गोंगाट करतील, जागा घाण होईल. होईल कदाचित. तेव्हा झाडू घ्यावा. गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांचा हा क्रम होता. गावाने घाण केली म्हणून बाबा गावावर रुसले नाहीत. आपण एका खोलीच्या कचऱ्याने रुसावे का? कुक्कुटाच्या दारी गंगा झाडत होती. धर्मशाळेच्या दारी माळकऱ्याने झाडले तर त्याचा अधिकार कमी होणार नाही, आणि कोणास ठाऊक, एखादा पोरगा आत पडल्या पडल्या पाहत असेल.

सगळी पोरे सुधारतील असे वचन मला देता येत नाही. दहांतला एक पुन्हा कुलूप तोडील. तेव्हा पुन्हा बोलवावे, पुन्हा भरून घ्यावे, पुन्हा दार उघडावे. पोराला एकदा समजावून आपण थकतो. देव मात्र अठ्ठावीस युगे उभा आहे, असे आपणच म्हणतो ना?

यंदाची वारी होईल, आपण माघारी याल. गाडीतून उतरल्यावर घरी जाण्याआधी धर्मशाळेपाशी थांबावे. ओट्यावर बसलेली पोरे आपल्याला पाहून उठू लागतील. त्यांना म्हणावे, "बसा रे. तुमचं काय म्हणणं आहे?" आणि ते बोलेपर्यंत आपण गप्प राहावे. प्रसादाच्या पुडीतले पहिले चार चुरमुरे त्यांच्या हातावर ठेवावेत. चंद्रभागेचे पाणी देवघरात जाईलच. थोडे उशिरा गेले म्हणून पांडुरंग रागावणार नाही.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल । श्रीज्ञानदेव तुकाराम ॥