शेजारच्या साच्यावरचा माणूस

मत्सर हा शब्द आपल्या बैठकांत कुणी काढत नाही. शोषण म्हणतो, विषमता म्हणतो, वर्ग-वर्ण म्हणतो. मत्सर म्हटलं की कीर्तन आठवतं. षड्रिपूंतला सहावा, बुवांच्या ताब्यातला. तो शब्द मी आज तिथून उचलून गिरणीत आणतोय. कारण आमच्या खात्यात त्यानं एक माणूस अर्धा मारलाय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सूतगिरणीत ठेक्यावरच्या एका कामगारानं रिंगफ्रेमवरच्या दुसऱ्याच्या डोक्यात पाना घातला. दोघंही आपल्याच वस्तीतले. चौदा एप्रिलला एकाच ट्रकवर उभे राहून घोषणा देणारे. सहा वर्षं दोघांनी एकाच ठेकेदाराची शिवी खाल्ली. मग एक परमनंट झाला आणि एक राहिला. का, ते कुणालाच माहीत नाही. झालेल्यानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली. राहिलेला आधी डबा वेगळा खायला लागला, मग बोलेनासा झाला. मग पाना. मार खाल्लेला जगला, पण त्याचा उजवा हात गेला. मारणारा आत आहे.

वस्तीत दोन मतं पडली. म्हातारी माणसं म्हणतात, तो मुळातच तसला, जळका. आपली पोरं म्हणतात, व्यवस्थेनं केलं, त्याचा काय दोष! मला दोन्ही पटत नाही. पहिल्यात विचारच नाही. दुसऱ्यात विचार आहे, पण तो जखमीच्या खाटेपाशी उभं राहून बोलता येत नाही.

आधी व्यवस्थेचं बघू. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असायचा. पाळीच्या आधी गेटवर येऊन उभा राहायचा. कायम माणूस आला नाही तर याला काम. म्हणजे याची चूल पेटायची ती दुसऱ्याच्या तापावर, दुसऱ्याच्या घरच्या मयतीवर. रोज सकाळी भावाचं वाईट चिंतायला लावणारी ही नोकरी! आणि कुणाला आत घ्यायचं ते जॉबरच्या मर्जीवर. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. रीत मात्र मेली नाही. बदलीच्या जागी ठेक्याचा माणूस आला, जॉबरच्या जागी ठेकेदार.

त्याच्याही मागं जा. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्याला बंदी. धागा तुटला की धोट्यातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला नको. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. मालकानं पगार कापला की सगळे भाऊ, आणि शेजारच्या साच्यावर आपला माणूस आला की बाट. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला एक पायरी दिली की तो वरच्याकडं बघायचं सोडतो आणि शेजारच्याचे पाय मोजत बसतो. आमच्यातला एखादा वर चढला की गाव म्हणतं, ह्यांना माज आलाय. तो मत्सर आपल्याला झटक्यात ओळखू येतो, कारण तो आपल्या अंगावर येतो. आपल्या पोटातला ओळखू येत नाही.

गिरणीचा मालक मोटारीतून जातो, त्याचा मत्सर कुणाला वाटत नाही. मोटारसायकलचा वाटतो. मालक आपल्या हिशेबातच नाही. शेजारचा आहे, कारण काल तो आपल्याइतकाच होता. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे त्यांनी जात धरली नव्हती. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार धरला होता. मग तो पाना उचलणाऱ्या हातात काय होतं? आपल्या माणसाच्या हातात असलं म्हणून त्याचं नाव बदलत नाही.

आता अंगुलिमाल. आपण सगळे त्याला दरोडेखोर म्हणून ओळखतो. अट्ठकथेत त्याच्या आधीची गोष्ट आहे. तक्षशिलेला तो सगळ्यांत हुशार शिष्य, नाव अहिंसक. बरोबरच्या पोरांना ते बघवेना. त्यांनी गुरूचे कान भरले, गुरूनं दक्षिणेत हजार बोटं मागितली. सुरुवात शेजारच्या बाकावरच्या जळण्यानं झाली. त्या पोरांचं पुढं काय झालं, कुणी विचारत नाही. मला ते खटकतं. सुपरवायझरकडं चहाड्या करणारे आमच्याकडंही आहेत, आणि पोलिसांच्या कागदावर त्यांचं नाव येत नसतं.

पण बुद्धानं अंगुलिमालाला, तुझा दोष नाही, गुरूचा आहे, असं सांगितलं नाही. थांब म्हणाला. भिक्खू झाल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, तो फुटक्या डोक्यानं परत आला, तेव्हाही बुद्धानं लोकांवर राग काढला नाही, सोस म्हणाला. माणसाला अपराधाची जबाबदारी देणं म्हणजे त्याला माणूस मानणं. व्यवस्थेनं केलं म्हणून आपण आपल्या पोराला सोडवतो तेव्हा त्याला पान्याइतकाच निर्जीव करून टाकतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

धम्मात मत्सरावर औषध सांगितलंय, मुदिता. दुसऱ्याच्या सुखानं सुखी होणं. पण ठेक्यावरच्या माणसाला नुसती मुदिता शिकवायची म्हणजे पुन्हा बुवाबाजीच. परमनंट कुणाला करायचं याची यादी आमच्याकडं कुणी बघितलेली नाही. किती वर्षं, कोणतं काम, कुणाचा नंबर, हे बोर्डावर लागलं असतं तर राहिलेला माणूस यादीशी भांडला असता. यादी नव्हती, म्हणून त्याला समोर फक्त माणूस दिसला.

वस्तीत दोन डबे फिरताहेत, एक दवाखान्यासाठी, एक वकिलासाठी. पोरं विचारतात, कुठल्यात टाकायचे. मी दोन्हींत टाकले. कोर्टात त्याची बाजू मांडली जावी, आणि शिक्षा झाली तर ती त्यानं भोगावी. यादीचा अर्ज मीच लिहिलाय. सह्या गोळा करतोय, सत्तावन्न झाल्या. जखमीच्या घरीही गेलो होतो. तो म्हणाला, "भावा, तुझ्या यादीनं माझा हात येणार आहे का?" मला उत्तर सुचलं नाही. अर्ज त्याच्या उशाशी ठेवून आलोय.