कुपीवरील ‘मानवी’ हा शब्द

प्रयोगशाळांना जैवरसायने पुरविणाऱ्या कंपन्यांच्या सूचिपत्रांत ‘पुनःसंयोजित मानवी प्रथिने’ असा एक विभाग असतो. त्यातील ‘पार्प-१’ हे विकर, म्हणजेच एन्झाइम, कर्करोगाच्या संशोधकांना विशेष परिचयाचे आहे. कोरड्या बर्फात जपून येणाऱ्या इवल्याशा कुपीत काही मायक्रोग्रॅम प्रथिन असते. कुपीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात: प्रथिन मानवी आहे, आणि ते केवळ संशोधनासाठी आहे, माणसावर वापरण्यासाठी नव्हे. शास्त्रज्ञाला यात काहीच विसंगत वाटत नाही. आपल्याला मात्र क्षणभर थबकायला होते. या कुपीत मानवी असे नेमके काय आहे?

प्रथम या विकराचे कार्य पाहू. आपल्या पेशींतील डीएनएचे धागे सतत कोठे ना कोठे तुटत असतात. १,०१४ अमिनो आम्लांची माळ असलेले पार्प-१ अशी तुटलेली जागा हेरते आणि दुरुस्तीची यंत्रणा तेथे बोलावून घेते. बीआरसीए जनुकातील दोषामुळे उद्भवलेल्या अर्बुदांत दुरुस्तीचा दुसरा मोठा मार्ग बंद पडलेला असतो. अशा वेळी पार्प-१ लाही अडविले, तर अर्बुदाच्या पेशी स्वतःच्याच जखमांनी मरतात. २००५ साली दोन संशोधकगटांनी हे दाखवून दिले आणि २०१४ मध्ये ओलापरिब हे या जातीचे पहिले औषध बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. कोणते रसायन या विकराला अडवू शकते, हे रुग्णाच्या शरीरावर अजमावण्यापूर्वी काचेच्या तबकडीत पाहता येते. ती कुपी त्यासाठी.

हे प्रथिन कोणाच्याही शरीरातून काढलेले नसते. मानवी जनुकाची प्रत जिवाणूत किंवा कीटकाच्या पेशीत घालून ते तयार करवून घेतात. यातील कीटकाच्या पेशींचा एक प्रसिद्ध वंश ‘एसएफ-९’ या नावाने ओळखला जातो. २०१८ साली भारतात अवतरून मक्याच्या शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळविणाऱ्या लष्करी अळीच्याच जातीचा तो वंश! पिकाच्या वैरिणीच्या पेशींनी माणसाचे प्रथिन घडवावे, यात निर्मात्याचा विनोद दिसला तर दोष कोणाला द्यावा? माझ्या मते येथे ‘मानवी’ आहे ती केवळ कृती. आजीच्या लोणच्याची कृती शेजारणीने उतरवून घेतली, म्हणून आजी काही शेजारणीच्या बरणीत येत नाही. माणसाची प्रतिष्ठा व्यक्तीत असते, रेणूत नव्हे.

खरा प्रश्न पुढे आहे. ज्या प्रथिनांना विशिष्ट शर्करासाखळ्या जोडलेल्या असाव्या लागतात, ती जिवाणूंकडून नीट घडत नाहीत. अशी कित्येक प्रथिने ‘एचईके-२९३’ या पेशीवंशात घडवितात. १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समधील लायडन येथे फ्रँक ग्रॅहॅम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून हा वंश निर्माण केला. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. त्या भ्रूणाचा अंत नैसर्गिक गर्भपाताने झाला की हेतुतः केलेल्या, हे स्वतः ग्रॅहॅम यांनाही निश्चित सांगता आलेले नाही. ज्या जीवाला नाव मिळाले नाही, त्याच्या वाट्याला एक आकडा आला.

यावर दोन सोपी उत्तरे दिली जातात. ‘इतकी वर्षे लोटली, आता त्याचे काय?’ हे एक. ‘अशा संशोधनातून आलेले औषध घेणेच पाप’ हे दुसरे. पहिल्यात मृताचा विसर पडतो, दुसऱ्यात आजाऱ्याचा. व्हॅटिकनने २००८ साली ‘दिग्नितास पेर्सोने’ या निवेदनात जबाबदारीच्या पायऱ्या मानल्या आहेत. मुलाच्या आरोग्यासाठी, अन्य पर्याय नसताना, अशा पेशींवर वाढविलेली लस टोचून घेणारे आईबाप आणि त्या पेशी वापरण्याचा निर्णय घेणारे यांना ते निवेदन एका तागडीत तोलत नाही. आईबापांनी आपली असहमती कळवावी व दुसरी लस मागावी, असे मात्र ते सांगते. संशोधकाकडून त्याची अपेक्षा याहून कडक आहे: गर्भपात त्याच्या संशोधनाशी संबंधित नसला तरी, अशी सामग्री त्याने नाकारावी.

हा भेद मला न्याय्य वाटतो. केमोथेरपीच्या वॉर्डात गोळी हातात घेतलेल्या स्त्रीला तिच्या औषधाची वंशावळ विचारणे निर्दयपणाचे होईल. तिच्यापुढे निवड नव्हतीच. प्रयोगशाळेत मागणीपत्र भरणाऱ्यापुढे ती पुष्कळदा असते. हॅमस्टरच्या बीजांडकोशापासून निघालेल्या पेशीही शर्करासाखळ्या जोडू शकतात, जरी त्या साखळ्या मानवी साखळ्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे खर्च वाढेल, वेळ लागेल, कधी प्रयोग पुन्हा बसवावा लागेल. आपल्या धर्मग्रामांतील जी मुलेमुली आज औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम करीत आहेत, त्यांना ही अडचण माझ्याहून अधिक ठाऊक आहे. वरिष्ठांपुढे असा प्रश्न काढणाऱ्या नवख्या सहायकाची काय शोभा होते, तेही त्यांना ठाऊक असेल.

तरीही प्रत्येक प्रथिनाच्या माहितीपत्रकात, ते कोणत्या पेशीत घडविले, हे सांगणारी एक ओळ बहुधा असते. पार्प-१ च्या पत्रकात तेथे पुष्कळदा कीटकाची पेशी आढळते. ती ओळ वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही.